फिल्म झाली म्हणून?

चि. बाळास,

आनंदीबाई जोशींचं वर्तमानपत्रातलं कात्रण पोचलं. मामीने ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. ११ मार्च १८८६ चा फिलाडेल्फियातला पदवीदान समारंभ तू घरबसल्या, छदामही न मोजता गाठलास, शाबास! पण शोधताना इंग्रजीत 'जोशी' घालून काही सापडेना म्हणून तीन दिवस डोकं आपटलंस? बाई तिकडे आडनावाच्या शेवटी दोन 'ई' लिहीत, हे मामाने किती वेळा सांगितलं असेल!

यंत्राचाही फार भरवसा नको. जुन्या वर्तमानपत्रांची ही पानं बहुतेक मायक्रोफिल्मच्या रिळांवरून स्कॅन होतात. फिल्म काढताना पान चुरगळलेलं असलं, बांधणीत ओळींची टोकं गेलेली असली, की संगणक भलतंच वाचतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'ट्रोव्ह'वर असल्या चुका सुधारायचं काम थेट वाचकांकडेच दिलं, आणि लोक ते हौसेने करतात.

अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त दोन कोटींहून जास्त पानं फुकट वाचता येतात. मामाचा लाडका मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या फुल्टनचा एक निवृत्त इंजिनिअर. वापरलेला स्कॅनर विकत घेऊन त्याने घरीच रिळं लावली आणि २०१३ पर्यंत एकट्याने दोन कोटींचा टप्पा ओलांडला. सरकारी संग्रह तेव्हा त्याच्या कितीतरी मागे होता.

एवढं सगळं छान, आणि पत्राच्या शेवटी काय? 'वाचनालयातल्या ज्ञानप्रकाश वर्तमानपत्राची फिल्म झाली आहे, आता गठ्ठे रद्दीत गेले तरी चालतील, समितीत तसं मांडतो.' चहा गार झाला ते वाचून!

अरे, अमेरिकेतल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी नेमकं हेच केलं. फिल्मसाठी खंडांचे कणे कापले, मग कागद विकला किंवा फेकला. पुलित्झरच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रंगीत पुरवण्या फिल्मवर काळ्याकरड्या होऊन बसल्या. १९९९ साली ब्रिटिश लायब्ररीने अमेरिकी वर्तमानपत्रांचे खंड विकायला काढले, तेव्हा निकोल्सन बेकर या लेखकाने म्हातारपणासाठी साठवलेले पैसे मोडून ते घेतले. पुढे 'डबल फोल्ड' लिहून ग्रंथपालांशी भांडणही ओढवून घेतलं. ते खंड २००४ पासून ड्यूक विद्यापीठात आहेत. म्हणून तरी 'वर्ल्ड'चे रंग कुणाला पाहता येतात.

आणि तुमची ती फिल्म तपासली का कुणी? एखादं पान सुटलं असेल, एखादं अंधुक आलं असेल. जुनी अ‍ॅसिटेटची रिळं कुजायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास मारतात. कपाट उघडून आधी वास घे. कागद गेला आणि फिल्मही गेली, तर स्कॅन कशाचं करणार?

बैठक कधी आहे ते लगेच कळव. मामाला रात्री झोप नाही. जागेचीच अडचण असेल, तर मामी म्हणते गठ्ठे इकडे आणा, दिवाणाखाली बसतील.

तुझा,
मामा