आबांच्या गाडीचे जादा पाटे

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण यात वजन आहे, पाटे आहेत आणि शेवटी लोहारही आहे, म्हणजे आपल्या कामाचंच आहे.

आमच्याकडं आबांची जुनी डिझेल अ‍ॅम्बेसिडर आहे. २०१४ साली ही गाडी बनायचीच बंद झाली, आमची त्याच्या कितीतरी आधीची. सीताफळाच्या हंगामात मागचं सीट काढून क्रेटं भरायची आणि पहाटे दिवे घाट उतरून गुलटेकडीला मार्केट यार्डात पोचायचं. माल भरला की गाडीचं बूड बसायचं. म्हणून आबांनी मागच्या दोन्ही कमानींत एकेक जादा पाटा घालून घेतला. दोन हंगामांनी अजून एकेक.

पुढं पिकअप आली, क्रेटं तिकडं गेली. पाटे मात्र तसेच राहिले. रिकामी गाडी मागनं इतकी वर दिसायची की आबाच म्हणायचे, "धुरजड बैलगाडी झालीय."

गेल्या वर्षी आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दर महिन्याला पुण्याला दाखवायला न्यावं लागतं. हडपसरच्या प्रत्येक गतिरोधकाला ती पुढच्या सीटची पाठ घट्ट धरायची. बोलायची नाही. मी आबांना म्हणलं, जादा पाटे काढू. आबा म्हणाले, "त्या पाट्यांवर घर उभं राहिलंय. हात लावायचा नाही."

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर आई हळूच म्हणाली, "पुढच्या टायमाला मी एसटीनं येते." आबा शेजारीच बसले होते. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "मिस्त्रीला विचार."

नाना पेठेत एका जुन्या पाटेवाल्याकडं गेलो. मी ऐकून आलो होतो की पाटा गॅसनं तापवला की गाडी बसते. तो हसला. म्हणाला, बसते, पण पाट्याचं पाणी उतरतं. एक बाजू जास्त बसते, आणि एक दिवस भर घाटात पाटा तुटतो.

दुसरा उपाय ठोकळ्याचा. पाटा अ‍ॅक्सलच्या खाली बांधलेला असेल तर मधे लोखंडी ठोकळा घातला की गाडी खाली येते. ट्रकसारखा पाटा वर असेल तर तोच ठोकळा गाडी उचलतो. पण ठोकळ्यानं फक्त उंची बदलते, पाट्याचा ताठपणा तसाच राहतो. आमचं दुखणं ताठपणाचं होतं. पाटा जेवढ्या वजनासाठी घातला, तेवढं वजन नसलं की तो दबत नाही आणि सगळा धक्का माणसाच्या पाठीत जातो.

म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून ४ पाटे काढले. काम दिवसभर चाललं. ज्यांची जुनी गाडी आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा:

– आधी आणि नंतर, दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. आमची मागची बाजू पावणेदोन इंच खाली आली, दोन्हीकडं सारखी.
– पाटे कमी झाले की सेंटर बोल्ट लांब पडतो, तो बदला. यू-बोल्ट नवेच घाला, ताणलेले परत वापरू नका.
– शॅकलच्या रबरी बुशांचे नट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले तर बुश पिळून बसतात, लवकर फाटतात.
– बंप रबर आणि ब्रेकची नळी यांना पुरेशी जागा राहते का बघा.
– मागची बाजू खाली आली की हेडलाइट वर बघायला लागतात. ते परत लावून घ्या.
– शे-दोनशे किलोमीटरनं यू-बोल्ट पुन्हा आवळा.

आणि हौसेपायी कंपनीच्या उंचीपेक्षा खाली जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बांधणीत बदल करायला मनाई करतं. आम्ही फक्त मूळची गाडी परत आणली. आता तिच्यात क्रेटं भरायची नाहीत, हेही घरात सगळ्यांना सांगितलंय.

परवा आईला घेऊन गेलो. हडपसरचे गतिरोधक गेले. तिचे हात मांडीवरच होते. येताना घाटात तिला झोप लागली. आबांनी आरशातून बघितलं आणि मला म्हणाले, "हळू घे."

काढलेले पाटे मिस्त्री भंगारात घेत होता. आबांनी दिले नाहीत. गावातल्या लोहाराकडून दोन कोयते आणि पाच खुरपी करून घेतली. पाट्याचं पोलाद, धार टिकते. काल त्यातल्याच एका खुरप्यानं आबा सीताफळाची आळी करत होते.

तुमच्या गाडीत, ट्रॉलीत असे विसरलेले जादा पाटे आहेत का? एकदा खाली वाकून बघा.