पर्थमध्ये राहून

पर्थहून मेलबर्नला विमानाने जायला साडेतीन तास लागतात. परतताना वारा समोरून असतो, तेव्हा चार. अंतर सुमारे 2700 किलोमीटर, आणि मधे बराचसा भाग नुसता समुद्र. डेनिस कोमेटी हा प्रवास वर्षानुवर्षं करत राहिले. फुटीचा मोसम सुरू झाला की आठवड्याअखेर पूर्वेकडे जायचं, सामन्याचं समालोचन करायचं आणि परत घरी यायचं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलला इथे कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही; तो ‘फुटी’. आणि फुटीच्या समालोचकांमध्ये कोमेटी माझ्या मते सर्वांत मोठे.

या खेळाचं माहेर मेलबर्न. 1859 साली मेलबर्न फुटबॉल क्लबच्या लोकांनी त्याचे नियम लिहून काढले. आजही लीगमधल्या 18 संघांपैकी 10 एकट्या व्हिक्टोरिया राज्यातले आहेत. अंतिम सामना तिथे, मोठी चॅनेलं तिथे, खेळावर दिवसभर बोलणारी माणसंही तिथेच. पर्थची माणसं त्या सगळ्या जगाला मिळून ‘ओव्हर ईस्ट’ म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत थोडा राग असतो. मोठं काम करायचं असेल तर तिकडे जावं लागतं, हे इथल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असतं. साताऱ्यात वाढलेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे आधी पुणं होतं, मग मुंबई, आणि मग विमानतळ.

कोमेटींचा जन्म 1949 सालचा, पर्थच्या उत्तरेला चारशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या जेराल्डटनचा. समुद्रकाठचं गाव, क्रेफिशसाठी नावाजलेलं. आडनाव इटालियन. तरुणपणी ते पर्थच्या एका रेडिओ केंद्रावर गाणी लावायचे आणि वेस्ट पर्थ संघाकडून फुल फॉरवर्ड, म्हणजे गोलखांबांच्या अगदी पुढ्यात, खेळायचे. त्या संघाचे कर्णधार आणि प्रशिक्षक होते ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर. फार्मर नूंगार समाजाचे. अनाथाश्रमात वाढलेल्या या माणसाने खेळाची चालच बदलली. एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो मारायचा, याला हँडबॉल म्हणतात. फार्मर यांच्याआधी हँडबॉल हा अडचणीतून सुटण्याचा मार्ग होता, त्यांनी त्याचं हत्यार केलं. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू पलीकडे काढायचा सराव ते करत, असं इथे सांगतात. पर्थ शहराच्या मधून जाणाऱ्या फ्रीवेला त्यांचं नाव आहे. कामावर जाताना मी त्याच्या बोगद्यातून जाते. कोमेटींचं समालोचन इतकं आतलं का वाटतं, याचं उत्तर मला तिथे सापडतं: अशा माणसाच्या हाताखाली ते खेळले होते. पुढे 1980 च्या दशकात त्यांनी वेस्ट पर्थला काही काळ प्रशिक्षणही दिलं. तोवर एबीसी रेडिओवर क्रिकेट आणि फुटी करून त्यांचा आवाज तयार झाला होता. 1986 मध्ये ते चॅनेल सेव्हनकडे गेले आणि देशभर पोचले.

हे काम किती अवघड आहे, ते मैदानात गेल्यावर कळतं. दोन्ही बाजूंचे मिळून 36 खेळाडू. मैदान लंबगोल, क्रिकेटच्याच मैदानाएवढं. ऑफसाइड नाही, त्यामुळे कुणीही कुठेही असू शकतो. चेंडूही लंबगोल, जमिनीवर आपटला की कुठे उसळेल ते सांगता येत नाही. आठ-दहा माणसं त्याच्यावर तुटून पडतात, हातापायांचा ढीग होतो आणि त्यातून एकजण चेंडू घेऊन निसटतो. बिनबाह्यांच्या जर्सीवर नंबर असतो तो पाठीवर, आणि तो माणूस तर आपल्याकडे तोंड करून धावत असतो. समालोचकाने त्याच क्षणी नाव घ्यायचं. म्हणजे धावण्याची ढब, केस, खांदे, डावा पाय की उजवा, हे सगळं सामन्याआधीच डोक्यात बसलेलं हवं. गोलचे सहा गुण, चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. गोल झाला की गोल अंपायर दोन पांढरे झेंडे फडकवतो. तेवढा वेळ श्वास घ्यायला.

आम्ही इथे आलो तेव्हा सुबियाको ओव्हल अजून उभं होतं. आमचे शेजारी म्हणजे सत्तरीचे, वेस्ट कोस्ट ईगल्सचे कट्टर पाठीराखे. ईगल्स आणि फ्रीमँटल डॉकर्स या पर्थच्याच दोन संघांची लढत, तिला इथे डर्बी म्हणतात, त्या दिवशी त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात जेवायला बोलावलं. टीव्ही खिडकीत आणून ठेवलेला, पण त्याचा आवाज बंद, आणि शेजारी रेडिओ चालू. चित्र रेडिओपेक्षा किंचित मागे पडायचं. आवाज सांगायचा की गोल झाला, आणि मग पडद्यावर तो व्हायचा. मी गोंधळले. ते म्हणाले, “पडदा सोड. कानाने बघ, म्हणजे खेळ समजेल.” मला हे नवीन नव्हतं. माझे वडील रणजी सामन्याच्या दिवशी ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसायचे आणि बाळ ज. पंडित यांच्या मराठी वर्णनातून आमच्या ओसरीवर अख्खं मैदान उभं राहायचं. चेंडू कुठल्या दिशेला गेला, क्षेत्ररक्षक किती धावला, हे बाबा डोळे मिटून हाताने दाखवायचे. चांगल्या समालोचकाचं पहिलं काम हेच: न दिसणाऱ्या माणसाला जागा सांगणं. कोमेटी रेडिओवर घडले, म्हणून टीव्हीवरही त्यांनी ही शिस्त सोडली नाही.

आणि टीव्हीवर गप्प कधी बसायचं हेही त्यांना कळायचं. पन्नास मीटरवरून मारलेला चेंडू पळत्या सहकाऱ्याच्या नेमका छातीवर आला की ते ‘सेंटिमीटर परफेक्ट’ एवढंच म्हणायचे. आवाज खालचा, संथ, जरासा घोगरा. कोट्याही करायचे, खेळाडूंच्या नावांवर तर फार, पण कोटी करून पुढच्या क्षणी ते चेंडूजवळ असायचे. हल्ली तीन-तीन जण एकदम ओरडतात आणि प्रत्येक गोल शतकातला सर्वोत्तम ठरतो. मला ते ऐकवत नाही. सामना पाहणाऱ्याच्या मनात स्वतःचं असं काही उमटायला जागा लागते, आणि ती जागा कोमेटी देत.

पोहण्याच्या शर्यतीतही त्यांची हीच ताकद दिसते. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 1500 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत कीरन पर्किन्स कसाबसा आला होता, सर्वांत हळू वेळ नोंदवून, म्हणून कडेची आठवी लेन. गतविजेता असूनही त्याची आशा लोकांनी सोडली होती. पंधरा मिनिटं, तीस फेऱ्या, पाण्यावर फक्त आठ डोकी. एवढा वेळ बोलायचं तरी काय? मी ते चित्रण नंतर पाहिलं. पर्किन्स सुरुवातीपासूनच पुढे निघतो, आणि कोमेटी घाई करत नाहीत. अंतर वाढतं तसा आवाज एकेक पायरी चढतो. पर्किन्सने सुवर्णपदक राखलं, ऑस्ट्रेलियाच्याच डॅनियल कोवाल्स्कीला रौप्य मिळालं. आवाज आधीच वर नेला असता तर शेवटच्या शंभर मीटरला त्यांच्याकडे काही उरलंच नसतं.

पण माझ्यासारखीला सर्वांत जास्त भिडतं ते त्यांचं पर्थमध्ये राहणं. मेलबर्नला घर केलं असतं तर आयुष्य किती सोपं झालं असतं. त्यांनी ते केलं नाही. मला वाटतं, यानेच त्यांचं समालोचन निकोप राहिलं. मेलबर्नमध्ये माणूस क्लबानेच ओळखला जातो. कॉलिंगवूडचा की कार्लटनचा, हे आधी विचारतात. कोमेटी दर आठवड्याला त्या गावात पाहुणे म्हणून जात, काम करून निघून येत. कुणाच्या गोटात नव्हते, कुणाचे मिंधे नव्हते. आम्ही गाव सोडलं, ते चुकलं असं मी म्हणत नाही. आमच्यासमोर दर शनिवारी जाऊन परत येण्याची सोय नव्हती. पण गाव न सोडताही देशाचा आवाज होता येतं हे एका माणसाने करून दाखवलं, याचं मोल घर सोडून आलेल्यालाच नीट कळतं.

टीव्हीवरचा त्यांचा शेवटचा सामना 2016 चा अंतिम सामना, वेस्टर्न बुलडॉग्ज विरुद्ध सिडनी स्वान्स. बुलडॉग्जनी 89-67 असा जिंकला, 1954 नंतर पहिल्यांदाच. जखमी असल्याने खेळू न शकलेल्या कर्णधार बॉब मर्फीच्या गळ्यात प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने स्वतःचं पदक घातलं, तो हाच दिवस. सामना सुरू झाला तेव्हा पर्थमध्ये दुपारच्या जेवणाची वेळ होती. नंतर काही वर्षं कोमेटी इथल्या रेडिओवर बोलत राहिले. मी त्यांना सर्वांत जास्त ऐकलं ते तेव्हाच, गाडीत, कामावरून परतताना. ईगल्सचे आणि डॉकर्सचे खेळाडू मी आधी त्यांच्या आवाजातून ओळखायला शिकले, मग नदीवरचा मटागारप पूल चालत ओलांडून नव्या स्टेडियमवर त्यांना पाहिलं. महाराष्ट्रातून नव्याने इथे येणाऱ्यांनी मला पहिल्या हिवाळ्यात काय करावं असं विचारलं, तर मी सांगते की एका डर्बीचं तिकीट काढा, पण त्याआधीचे दोन-तीन सामने रेडिओवर ऐका.