सातवा प्लग

अब्बांच्या जुन्या स्कूटरचा प्लग मी लहानपणी शेकडो वेळा काढला असेल. प्लगपाना लावायचा, दोन फेरे द्यायचे, काळवंडलेलं टोक पॉलिश पेपरने घासायचं, फुंकर मारायची आणि परत बसवायचा. पाच मिनिटांचं काम. त्यामुळे प्लग या विषयातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत धाकट्या भावाकडे शारजाला गेलो आणि तो समज घेऊनच त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलो.

इंडस्ट्रियल एरियात त्याचं गॅरेज आहे. एका रांगेत वीस-पंचवीस शटर, समोर धूळ, आत कूलरचा आवाज. दुपारी एक पठाण चाचा आपली पिकअप घेऊन आले. फोर्ड एफ-१५०, २००६ची. गाडी चढाला झटके खात होती. भावाने बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘‘चाचा, प्लग बदलने पड़ेंगे. गाड़ी छोड़ जाओ, कल सुबह हाथ लगाऊँगा.’’ चाचा हो म्हणून निघून गेले.

मला नवल वाटलं. आठ सिलिंडर, आठ प्लग. त्यासाठी उद्याची सकाळ कशाला?

मग त्याने मला समजावून सांगितलं. २००४ ते २००८ या काळातल्या एफ-१५०ला जे ५.४ लिटरचं, प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेलं इंजिन येतं, त्याचा प्लग आपल्या स्कूटरसारखा नाही. त्याचा धातूचा भाग दोन तुकडे जोडून केलेला असतो. वरच्या तुकड्याला आटे, आणि खाली एक लांब, बारीक नळी. ही नळी इंजिनाच्या हेडमधल्या अरुंद भोकात बसते. कंपनीच्या हिशेबाने हे प्लग १ लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर चालतात. तेवढ्या काळात नळी आणि भोक यांच्या मधल्या फटीत काजळी भरते आणि दगडासारखी घट्ट होते. वरून पाना फिरवला की आटे सुटतात, नळी मात्र जागची हलत नाही. जोड निसटतो, वरचा तुकडा हातात येतो आणि नळी चिनीमातीसकट आतच राहते.

‘‘मग काढायचा कसा?’’

‘‘सबुरीने,’’ तो म्हणाला. फोर्डने २००८ साली मेकॅनिकांसाठी त्याची लेखी पद्धतच दिली आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. आधी प्लग फक्त पाव फेरा, किंवा त्याहूनही कमी, सैल करायचा. वरून थोडं कार्बोरेटर क्लीनर सोडायचं आणि निदान पंधरा मिनिटं वाट बघायची, म्हणजे ते आट्यांमधून खाली उतरून काजळीपर्यंत पोचतं. मग थोडा सोडायचा, थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा. प्लग कुरकुरतो. ती कुरकुर ऐकत ऐकत पुढे जायचं. भाऊ तर संध्याकाळी क्लीनर सोडून रात्रभर तसाच ठेवतो.

हे सगळं मी ऐकलं आणि तरीही म्हणालो, ‘‘अरे, आजच उरकून टाक. अस्रपर्यंत होईल की. रात्री अजमानला खालाच्या मुलाकडे दावत आहे, आणि उद्याचा दिवस आपल्याला फिरायला मोकळा मिळेल.’’

तो गप्प राहिला. मोठ्या भावाला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही, आणि ती रीत चांगली असं मी इतकी वर्षं मानत आलो आहे. चारच्या सुमारास त्याने पाना हातात घेतला. मी हेडवर हात ठेवून पाहिला. कोमट होतं. मे महिन्यात शारजात काय थंड असतं, असं म्हणून मीच तो विषय संपवला.

सहा प्लग आले. प्रत्येक वेळी तीच कुरकुर, पुढे-मागे, पुढे-मागे. सातव्याच्या वेळी मी विचारलं, ‘‘आता किती राहिले?’’ त्याने घड्याळाकडे पाहिलं. क्लीनर सोडून पंधरा मिनिटं झाली नव्हती. त्याने पाना फिरवला. कुरकुर एकदम थांबली आणि प्लग अलगद वर आला. तो बघायच्या आधीच त्याला कळलं होतं. हाताला वजन कमी लागलं असणार. अर्धाच प्लग होता.

मदतीला असलेला पोरगा म्हणाला, ‘‘उस्ताद, इस गाड़ी में तो टूटता ही है.’’ मीही तेच म्हणालो. चाचांना सांगायची गरज काय? उद्या नळी काढायचीच आहे, वेळ लागला तर मजुरी वाढवून लावता येते. सगळीकडे तसंच करतात, आणि त्यात खोटंही काही नाही.

‘‘तुटतात, भाई,’’ तो हात पुसत म्हणाला. ‘‘पण हा मी तोडला.’’

त्याने चाचांना फोन लावला. माझं नाव घेतलं नाही. ‘‘मुझसे जल्दी हो गई,’’ एवढंच सांगितलं. चाचा आले, खोक्यावर बसले, तुटलेला तुकडा बोटांत फिरवून पाहिला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. ते म्हणाले, ‘‘कल कर लेना, बेटा. इंजन ठंडा होने दे.’’

दावतीत तो नीट जेवला नाही. चिनीमातीचा एखादा कपचा आत पडला तर पिस्टन आणि सिलिंडरवर ओरखडे येतात आणि हेडच उतरवावं लागतं. तो खर्च त्याने स्वतःच्या अंगावर घेतला असता, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही दोघंच गेलो. यासाठी एक खास हत्यार मिळतं. त्याने आधी एका दांड्याने नळीतली चिनीमाती हळूच थोडी खाली दाबली. नळीचं तोंड मोकळं झालं. मग त्या तोंडात हत्याराचे आटे घट्ट बसवले आणि वरचा नट फिरवत नळी वर ओढायला सुरुवात केली. एक फेरा, थांबला. अर्धा फेरा, थांबला. मी टॉर्च धरून उभा होतो आणि या खेपेला तोंड बंद ठेवलं होतं. बऱ्याच वेळाने ती काळी नळी चिनीमातीसकट अख्खी बाहेर आली. ‘‘अल्हम्दुलिल्लाह,’’ आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

आठवाही सुखरूप निघाला. नवे प्लग त्याने एकसंध बनावटीचे बसवले आणि मजुरी सातचीच घेतली.

विमानतळावर जाताना मी त्याला म्हणालो, ‘‘त्या प्लगचं माझ्यामुळे झालं. माफ कर.’’ तो हसला. ‘‘सोडा हो, भाई.’’

मला खरं तर दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचं होतं. तो दहावीला होता, मी बी.एड.ला. रात्री मी त्याचं गणित घ्यायचो. तो एका पायरीवर अडला की मी म्हणायचो, ‘‘लवकर सांग, लवकर.’’ तो गडबडायचा आणि मी हात उगारायचो. एका रात्री त्याने वही मिटली, आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेऐवजी नाक्यावरच्या गॅरेजात दिसला. अब्बांना मी सांगितलं, त्याचं डोकंच नाही. ते त्याने दाराआडून ऐकलं होतं.

टर्मिनल आलं. त्याने बॅग उतरवून दिली, मी सलाम केला आणि आत गेलो. ती नळी मी मागून घेतली होती. शाळेतल्या माझ्या खणात खडूंच्या डब्यात ती पडलेली असते. येत्या महिन्यात तो दोन आठवड्यांसाठी गावी येतो आहे.