सही

सही करणें ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे, असें फारसें कोणास वाटत नाहीं. टपालाच्या पावतीवर, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर, घराच्या खरेदीखतावर आपला हात सारख्याच सहजतेनें फिरतो. बिटकॉइन नांवाच्या चलनाची खातेवही समजून घेऊं लागल्यापासून मात्र माझी ही सहजता पुष्कळच कमी झाली आहे.

२००८ सालच्या ऑक्टोबरांत सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें ज्या चलनाची योजना प्रसिद्ध झाली, त्याचा हिशेब कोणत्याही एका पेढीपाशीं नसतो. एकाच वहीच्या प्रती जगभर हजारों यंत्रांवर असतात. १२ जानेवारी २००९ रोजीं नाकामोतोनें हॅल फिनी या संगणकतज्ज्ञास १० नाणीं पाठविलीं. माणसानें माणसास केलेली ही पहिली रवानगी. तिचा मसुदा पाहण्यासारखा आहे. पाठविणाऱ्यानें ५० नाण्यांची एक अखंड रक्कम पुढें केली आणि खालीं दोन ओळी लिहिल्या : १० फिनीस, ४० परत स्वतःस. मोठी नोट देऊन मोड घ्यावी तसेंच हें. फरक इतकाच, कीं येथें मोड परत देणारा वाणी नसतो, ती आपली आपणच लिहून घ्यावी लागते. लिहिली नाहीं, तर उरलेली सारी रक्कम व्यवहार वहींत नोंदविणाऱ्याची दलाली ठरते. दलालीचा आंकडा मसुद्यांत कोठेंच लिहिलेला नसतो; पुढें केलेल्या रकमेंतून दिलेली वजा जातां जें उरेल, तीच दलाली.

मसुदा झाला कीं सही. ही हाताची नव्हे. मालकापाशीं एक अतिप्रचंड गुप्त संख्या असते. ती आणि मसुद्याचा गणिती सारांश यांतून सही निघते. म्हणून ती प्रत्येक व्यवहारास निराळी असते, मसुद्यांतील एक आंकडा बदलला कीं खोटी ठरते, आणि गुप्त संख्या न पाहतांही कोणासही पडताळतां येते. जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस, पुढें कोणीं कांहीं घुसडूं नये म्हणून, मोर्तब उठवीत. येथें जणूं प्रत्येक अक्षरावरच मोर्तब उठलेलें असतें.

माझ्या वडिलांच्या अखेरच्या वर्षांत कंपवायूमुळें त्यांची सही दर महिन्यास निराळी होऊं लागली आणि बँकेनें त्यांचा चेक परत केला. मी त्यांना घेऊन गेलों. तेथील वयस्क कारकुनानें एकदां कागदाकडे व एकदां त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलें आणि तो म्हणाला, "नानासाहेब, बसा. सही जुळत नसली तरी आपण जुळतां."

नव्या वहींत थरथरता हात आड येत नाहीं. पण चेहरा ओळखणाराही कोणी नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें एका कंपनीच्या यंत्रणेंतील चुकीमुळें सुमारें ०.०७ नाणें पाठवितांना जवळजवळ १९.८ नाण्यांची दलाली गेली. सही निर्दोष होती, म्हणून वहीनें ती निमूटपणें स्वीकारली. रक्कम पुढें परत मिळाली, ती ज्यांच्या पदरांत पडली होती त्यांनीं दिली म्हणून, गणितानें नव्हे. तरी माणसाची ओळखही निर्धोक नसते. जो कारकून चेहरा पाहून पैसे देतो, तो एखाद्या दिवशीं गोड बोलणाऱ्या ठकासही देईल, हें मला नाकारतां येत नाहीं. त्या धोक्यावर गणिताची सही हा खरा उपाय आहे. मसुदा वाचण्याचें काम मात्र तिनें आपल्यावरच सोडलें आहे.

माझ्या मुलानें या चलनांत थोडी शिल्लक टाकली आहे. त्याची गुप्त संख्या २४ साध्या इंग्रजी शब्दांत मांडलेली असून तो कागद त्यानें आमच्या दस्तऐवजांच्या पेटींत ठेवावयास दिला. "अण्णा, हे शब्द वाचूं नका," तो म्हणाला. मीं वाचले नाहींत. परंतु हा कागद हरवला आणि मुलाचें कांहीं बरेंवाईट झालें, तर ती शिल्लक कोणाचीच राहणार नाहीं. म्हणून पाकिटावर, त्याला विचारून, मीं सूनबाईंचें नांव घातलें आणि खालीं माझी सही केली.