हेल्मेट, मान आणि चाळिशी

१८ ऑगस्ट, सोमवार

पाऊस थांबायचं नाव नाही, पण ट्रॉल्यांच्या ऑर्डरी थांबत नाहीत हे बरं आहे. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधीचे हे दोन-अडीच महिने म्हणजे शिरोलीतल्या आम्हा फॅब्रिकेशनवाल्यांची सुगी. सकाळी पेटलेला आर्क रात्रीच विझतो.

दुपारच्या चहाला मिस्त्री मान एका अंगाला धरूनच आले. विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई मालक, मान धरलीया. हेल्मेटचा भार हो. आपली जुनी हातातली स्क्रीनच बरी हुती."

बरी कसली! एक हात त्या स्क्रीनमध्ये अडकलेला, दुसऱ्या हातात होल्डर, मग जॉब धरायचा कुणी? म्हणून टॅक, म्हणजे जोडाचे छोटे टाके, मारताना सगळे स्क्रीन बाजूला ठेवून नुसते डोळे मिटायचे. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक थर भाजतो तो त्या वेळी कळत नाही. सहा-बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. मग घरोघरी डोळ्यांवर बटाट्याचे काप. हेल्मेट आलं, डोळ्याची तक्रार गेली आणि मानेची आली, असा हा हिशेब. मान मात्र ऐकून घेण्यासारखी तक्रार आहे. बारा तास ते डोक्यावर घालायचं मला नाही, त्यांना आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पार्सल मोजायच्या काट्यावर शेडमधली सगळी हेल्मेटं ठेवून पाहिली. मिस्त्रींचं साध्या काळ्या काचेचं, अर्ध्या किलोच्या आत. बलियाहून आलेल्या वेल्डरचं मोठ्या, आपोआप काळ्या होणाऱ्या काचेचं ऑटो, सहाशे ग्रॅमच्या वर. मान धरली ती हलक्या हेल्मेटवाल्याची!

दोघांना शेजारी उभं केलं तेव्हा उलगडा झाला. वजन किती यापेक्षा ते कुठे लटकतंय हे मोठं. काच पुढे असते, म्हणजे सगळा ओढा पुढे. हेल्मेट चेहऱ्यापासून जितकं लांब, तितकी मान मागून ताण धरणार. मिस्त्रींचा पट्टा शेवटच्या भोकात, शिवाय मागची पट्टी कवटीच्या फुगवट्यावर चढलेली. घसरू नये म्हणून ते मागची चकती आवळत राहायचे, त्यामुळे संध्याकाळी डोकंही दुखायचं. मागची पट्टी फुगवट्याच्या खाली बसवली, पुढची भुवयांच्या दोन बोटं वर आणली, टाळूवरचा पट्टा नीट केला आणि काच एक भोक आत घेतली. अगदी नाकाला लावून चालत नाही, वाफ धरते. पट्टा काही शेकड्यांत सुटा मिळतो, पण तो बदलायला कुणी जात नाही. सगळे काच बघून हेल्मेट घेतात, मीसुद्धा तसंच घेत होतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. निम्मी पोरं गावाला जाणार, म्हणून टॅकिंग उरकून घेतलं. आयटीआयचा पोरगा चॅनेल जुळवून टॅक मारत होता. साधं हेल्मेट, त्यामुळे प्रत्येक टॅकला मानेला हिसडा देऊन काच खाली पाडायची, टॅक मारायचा, पुन्हा वर. दिवसभरात असे शेकडो हिसडे. लांब रन मारणाऱ्या मिस्त्रींना ऑटोची तितकी गरज नाही, ती याला आहे. मी मात्र सिनिऑरिटी बघून वाटप करायला निघालो होतो.

ऑटोची ही आपोआप काळी होणारी काच स्वीडनच्या ओके हॉर्नेल यांनी १९८१ मध्ये बाजारात आणली. आत द्रवस्फटिकाचा थर असतो. आर्क दिसताच सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर तो काळा होतो. शेडमध्ये एकच भीती: "सेल गेला तर डोळे जातील." तसं नाही. अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर वेगळा असतो. काच काळी असो वा नसो, सेल असो वा नसो, त्याचं काम चालूच असतं. झाकोळतो तो फक्त दिसणारा उजेड. पण हे खऱ्या, प्रमाणित काचेचं झालं. रस्त्यावरच्या ढिगातल्या काचेची हमी कोण देणार?

चांगल्या काचेवर युरोपच्या ईएन ३७९ मानकानुसार चार आकडे छापलेले असतात, १/१/१/२ असे. एक म्हणजे उत्तम. शेवटचा आकडा तिरकं पाहताना काच सगळीकडे सारखी काळी राहते का ते सांगतो. दिवसभर चॅसीखाली वाकडंतिकडं होऊन काम करणाऱ्यानं तो आधी बघावा. चॅसीत आणखी एक घोळ होतो. सेन्सर चॅनेलच्या आड गेला की काच मधेच उघडते आणि लख्ख झळ बसते. तिथे दोनाऐवजी चार सेन्सरचं हेल्मेट घ्यावं, पैसे वाचवू नयेत.

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती गेले, पोरं परतली. मिस्त्रींची मान थोडी बरी, पण गेली नाही.

आज काचांची झडती. पुढच्या पांढऱ्या काचा ठिणग्यांनी इतक्या टोचल्या गेलेल्या की पलीकडचं धुक्यातलं दिसावं. ही काच किरकोळ किमतीची, तरी महिनोन्‌महिने बदलत नाहीत. शिवाय सगळ्यांना एकच ११ नंबर. दहा नंबरच्या कांडीला ११०-१२० अँपिअरवर १० नंबरची काच पुरते, सीओटू वेल्डिंगवर २०० अँपिअरला १२ लागते. रीत अशी की गडद काचेपासून सुरुवात करायची आणि वितळलेला धातू स्वच्छ दिसेपर्यंत एकेक नंबर खाली यायचं, मात्र त्या करंटला ठरलेल्या किमान नंबराच्या खाली जायचं नाही. दिसत नसलं की माणूस पुढे वाकतो, आणि वाकला की मान आलीच.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज सापडलं. मिस्त्री ड्रॉबारचा रन मारत असताना बाजूला उभा राहिलो. पोरगा आर्कपासून हातभर लांब असतो, मिस्त्रींचं तोंड वीतभरावर. वय पन्नाशीच्या पुढे. पेपर वाचायचा चष्मा खिशात असतो, पण हेल्मेटमध्ये तो घालत नाहीत, कारण घामानं धुरकटतो. म्हणजे चाळिशी लागलेला माणूस चष्म्याविना बारीक काम करतोय आणि आम्ही हेल्मेटचं वजन मोजतोय!

यावर उपाय म्हणजे हेल्मेटच्या आतल्या बाजूला, काळ्या काचेमागे खाचेत बसणारी भिंगाची पट्टी. उद्यमनगरातून दीड नंबरची आणून बसवली. मिस्त्रींनी एक रन मारला, काच वर केली आणि बीडकडे बघत म्हणाले, "च्या मारी, दिसतंय की!" पाठ ताठ होती. वाकणं कमी झालं म्हणजे धुराच्या झोतातून तोंडही बाहेर आलं. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्येच ठरवलंय. त्यामुळे आता हेल्मेट घेताना खाली हनुवटीपाशी मास्क मावतो का तेही बघायचं. हवा फेकणारी मोटर बसवलेली हेल्मेटं छान असतात, पण किमती ऐकून गप्प बसलो.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. मशीन पुसणं, हार, नारळ. घामाच्या पट्ट्या धुऊन वाळत टाकल्यात. हेल्मेटांवर ज्याची त्याची नावं रंगवली, कारण एकमेकांची वापरली की बसवलेला पट्टा रोज बिघडतो.

शेजारच्या शेडचे मालक विचारून गेले, "कुठल्या कंपनीचं घेऊ?" त्यांना म्हटलं, वेल्डरला सोबत घेऊन दुकानात जा, त्याला अर्धा तास ते घालून वाकू द्या, आणि पन्नाशीचा असेल तर आधी डोळे तपासून घ्या.

दसऱ्यानंतरची ऑर्डर: टॅकिंगच्या पोराला चार सेन्सरचं ऑटो एक, सगळ्यांना नवे पट्टे, पांढऱ्या काचांचा डबा. मिस्त्रींना नवीन हेल्मेट नको आहे. जुन्यावर खूश आहेत.