माळाची पुंजी

केम म्हटले की लोकांना कुंकू आठवते. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर जेऊर मागे पडले की कुर्डुवाडीच्या अलीकडे करमाळा तालुक्यातले हे गाव लागते, आणि इथले कुंकू दूरदूरच्या देवघरांत जाऊन बसते. माझी आत्या केमची. त्यामुळे मला मात्र केम म्हटले की तिचा दोन एकरांचा माळ आणि त्यावरचे मारवेल आठवते.

गवत तेवढे सारखेच, असे आपली शहरी समजूत सांगते. आत्याला ते मुळीच खपत नसे. मारवेलाची काडी हातात देऊन ती म्हणे, "पेरावर बोट फिरव." पेराभोवती पांढऱ्या केसांचे बारीक कडे लागे. शास्त्रज्ञांनी या गवताला 'डायकँथियम अ‍ॅन्युलेटम' असे भारदस्त नाव दिले आहे. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'कडे असलेले' असाच आहे! शेंड्याला बोटे फाकावीत तसे जांभळट तुरे येतात. शेजार पवन्याचा आणि कुसळीचा. पैकी कुसळीची ओळख करून द्यावी लागत नाही. माळ ओलांडला की तीच धोतराला येऊन बिलगते.

हा शेजार काही केमपुरता नाही. दबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ भूमीचे पाच प्रकार सांगितले. त्यांतल्या आपल्या दख्खनच्या प्रकाराला पवन्या आणि मारवेल यांच्याच कुळांची नावे आहेत. याच माळांवर माळढोक वाढला. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगरकडे अभयारण्य झाले. आज तो दिसला तर भाग्यच म्हणायचे.

मारवेल एकदा लावले की वर्षानुवर्षे येत राहते. त्याचे ताजे बी लवकर रुजत नाही, काही महिने ठेवावे लागते. म्हणून पाऊस स्थिरावला की मुळांसकट ठोंबच लावतात. ओळींत दीड फूट, ठोंबांत फूटभर अंतर. फुलोऱ्यावर आले की कापावे. पुढे काडी राठ होते, कस उतरतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारलेले वाणही काढले आहेत.

कापणीच्या वेळी आत्या स्वतः बांधावर उभी राही. विळा फार खाली गेला की ओरडे, "मूठभर बुडखा ठेवा रे! तेवढा आपला नव्हे, गवताचा." तिला पुस्तकी ज्ञान नव्हते, पण म्हणणे खरे होते. पुढचा फुटवा फुटतो तो बुडख्यात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर. तेच पुन्हा पुन्हा खरवडले की आधी मारवेल हटते, मग कुसळी माजते, आणि शेवटी उघडा मुरूम राहतो. व्याज खावे, मुद्दल खाऊ नये, हा सावकारी नियम गवतालाही लागू आहे.

आत्या गेली. आता आतेभाऊ म्हणतो, "दादा, सातबाऱ्यावर याला पोटखराबाच म्हणतात. ट्रॅक्टर लावून मोडून टाकू." त्याची दोन मुले शिकताहेत, त्याची ओढाताण मला दिसते. गवताने फी भरली जात नाही, हे खरेच. पण २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात चारा छावण्या पडल्या, तेव्हा त्याच्या दावणीची दोन जनावरे घरीच राहिली, ती याच माळाच्या वाळलेल्या गंजीवर. पोटखराबा म्हणायचे, आणि पोटही त्यानेच भरायचे!

मी त्याला एवढेच सुचवले आहे : खालची काळी पट्टी नांगर, मुरमाड उतार मारवेलाला ठेव. मोडायला एक दुपार पुरते, जमायला मात्र वर्षे जातात. तो हो म्हणालेला नाही, नाहीही म्हणालेला नाही.

दिवाळी सुरू होते ती वसुबारसेने. गाय-वासराला ओवाळून आपण फराळाला बसतो. त्या ताटातले दूध-तूप कुठल्या मुळांतून वर आले, याची आठवण त्या दिवशी घासभर तरी व्हावी.