भावना नको, ओटी विचारा

विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न हटकून असतो: देवीसमोर उभं राहिल्यावर तुम्हाला काय वाटतं? तो मी आधी खोडते. ‘मन प्रसन्न होतं’, ‘समाधान मिळतं’, हे उत्तर गावोगाव तेच. टीव्हीवरचा भाविकही तेच सांगतो.

राजापूर तालुक्यात, नाट्याच्या बाजूला, शिमग्यात पालखी घरी यायची असली की अंगण सारवलेलं असतं, मुंबईचे चाकरमानी आलेले असतात आणि बाईच्या हाती ओटीचं ताट असतं. तिला भावना विचारू नये, ओटी विचारावी. यंदा काय घातलंत? गेल्या वर्षी कोणी भरली? एका आजींनी नारळ, तांदूळ, हळदकुंकू, खण असं सांगून संपवलं आणि मग हळूच म्हणाल्या, “खण दोन.” दुसरा सुनेच्या नावाचा. तिच्यासाठी कौल लावला होता. गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि सगळे बघत राहिले. पाकळी लवकर पडेना. “तवर पदर तोंडात धरून उभी होते,” आजी म्हणाल्या. “मग उजवा दिलान.”

संशोधनाच्या रीतीप्रमाणे या वाक्यापुढे मी ‘भीती’, ‘प्रतीक्षा’ असे संकेतशब्द टाकायला हवेत. ते नंतर टाकते. टिपणात आधी पदर येतो, पाकळी कुठल्या बाजूची ते येतं, शेजारी कोण उभं होतं ते येतं.

धार्मिक अनुभवाच्या अभ्यासात विल्यम जेम्सचं 1902चं पुस्तक आजही पायाचं मानतात. त्याने धर्म शोधला तो माणसाच्या एकांतात. कोकणात देवापुढे एकांत मिळतो कुठे? गाऱ्हाणं एक जण घालतो, ‘व्हय महाराजा’ सगळे म्हणतात. म्हणून आजींना एकटं बसवून घेतलेली मुलाखत मला अर्धीच वाटते. पालखी आधी कुठल्या वाडीत जाते, खांदा कोण देतो, मान कोणाचा, कोण लांबूनच हात जोडतो, हेही त्याच अनुभवात आहे. इरावती कर्वे वारीत चालल्या, रमल्या, आणि तरीही एकाच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात हे त्यांनी लिहून ठेवलं. स्वतःचं रमणं आणि ते बोचणं, दोन्ही एकाच लेखात. आमच्या पद्धतिशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा मी मुलांना तो लेख आधी वाचायला देते.

साखरी नाट्याच्या मच्छीमार मुसलमान वस्तीतही ‘तुमची श्रद्धा काय’ असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. पावसाळी बंदी उठल्यावर पहिली होडी कोण लोटतं, त्या दिवशी घरात काय शिजतं, इथून सुरुवात करावी.

ध्वनिमुद्रणाचं मात्र अवघड आहे. गाऱ्हाण्यात आजारपण, कर्ज, भाऊबंदकी सगळं मोठ्याने बोललं जातं. पण ते देवाला आणि गावाला, माझ्या फोनला नव्हे. गुरव ‘हो’ म्हणाला म्हणजे त्या घराने ‘हो’ म्हटलं असं होत नाही. नाव बदलूनही भागत नाही. एवढ्याशा गावात दोन खणांवरून घर ओळखतात. त्यामुळे ओटीतली एक वस्तू आणि एक नातं मी इथे बदललं आहे. कुठलं, ते आजींना विचारूनच ठरवलं.